काकडीच्या बरणीतली अंगठी

आमच्या त्रूदाला घड्याळ सोसत नसे. बांधलं की तासाभरात मनगटावर लाल चट्टा उठायचा. कानात डूल घातले की पाळ्या भज्यांसारख्या फुगायच्या. जीन्सचं बटण पोटाला टेकलं की बेंबीखाली पुरळ, चष्म्याची दांडी बदलली की कानामागे पुरळ. गळ्यातला छोटा क्रूससुद्धा ती ब्लाउजच्या वरून घालायची, कारण देवाचा झाला म्हणून तिच्या कातडीनं त्याचीही गय केली नव्हती. आणि ही बाई पोटासाठी काय करायची, तर धातू वितळवायची. जन्मभर. जाड हातमोजे चढवून, मोठमोठ्यानं गाणी म्हणत.

मी गाबी. पोलंडमधल्या ग्लिविचे गावी, त्रूदाच्याच प्रयोगशाळेत मी गंज मोजते. गंज हा कंटाळवाणा विषय आहे असं ज्यांना वाटतं, त्यांच्याशी मी फारसं बोलत नाही. पण पुढची गंमत कळायला हवी म्हणून थोडं सांगते. त्रूदा वितळलेला धातू तांब्याच्या थंडगार साच्यात इतक्या झटक्यात ओतायची की आतल्या कणांना पंगतीत बसायला वेळच मिळत नसे. जो जिथे उभा, तो तिथेच थिजला. साध्या धातूत रांगा असतात, रांगा आल्या की फटी आल्या, आणि गंज शिरतो तो या फटींमधूनच. त्रूदाच्या धातूत रांगा नाहीत, काचेत नसतात तशाच. म्हणून त्याला धातूची काच म्हणायचं. आणि ही काच आम्ही बनवायचो ती माणसांच्या अंगात बसवण्यासाठी, मोडक्या हाडांना आणि पडलेल्या दातांना.

तिचे आमच्याकडे दोन प्रकार. झिरकोनियमची काच जन्माची सोबतीण. दाताचं मूळ म्हणून जबड्यात बसवा, शरीराला पत्ता लागत नाही की घरात कुणी परकं आलंय. मॅग्नेशियमची काच म्हणजे शहाणी पाहुणी. हाड जुळेपर्यंत खिळा होऊन धरून ठेवते आणि मग विरघळून निघून जाते, म्हणजे तो खिळा काढायला पुन्हा पोट-पाय फाडायला नको. फक्त जाताना ती हायड्रोजनचे बुडबुडे सोडते. फार सोडले तर कातडीखाली फुगा येतो. म्हणून मी तिचे तुकडे अंगाएवढ्या कोमट मिठाच्या पाण्यात टांगून ठेवते, वर नळी उपडी धरते आणि बुडबुडे मोजत बसते. माझा नवरा म्हणतो, मासे पाळले असते तर निदान ख्रिसमसला खाता आले असते.

तर त्रूदा. वय साठीला टेकलेलं, केस गाजराच्या रंगाचे, आणि आवाज असा की ती तळमजल्यावर हसली की आमच्या तिसऱ्या मजल्यावरच्या नळ्या किणकिणायच्या. तिचा पहिला नवरा रिशेक खाणकामगार होता. त्यांचं लग्न झालं ते टंचाईच्या काळात, दुकानांत सोनं नव्हतं. खरं तर दुकानांत व्हिनेगर सोडून काहीच नव्हतं. तेव्हा रिशेकनं खाणीच्या वर्कशॉपमधल्या दोस्ताकडून चांदीसारख्या पांढऱ्या धातूच्या दोन अंगठ्या लेथवर काढून घेतल्या. स्वतः रात्रपाळी करून आल्यावर बसून त्या घासल्या. अशी चमक आणली की बघणाऱ्यांचे डोळे दिपावेत. आठवड्याभरात त्रूदाच्या बोटाची साल निघाली.

तिनं मलम लावलं, खाली चिंधी गुंडाळली, बोटं बदलून पाहिली. शेवटी अंगठी फक्त रविवारी, चर्चपुरती घालायला लागली, आणि तेवढ्यातही शेवटच्या प्रार्थनेपर्यंत हात मांडीखाली दाबून धरायची. रिशेक तोंडानं काही बोलत नसे. पण एका वाढदिवसाला दोन ग्लास जास्त झाल्यावर तो सगळ्यांदेखत म्हणाला, "बाकी सगळं लागतं माझ्या बायकोला. मीच तेवढा लागत नाही." सगळे हसले. त्रूदा हसली नाही. आणि खालच्या मजल्यावरच्या क्लेमेंतीना आजीनं, जी दिवसभर खिडकीच्या कट्ट्यावर उशी ठेवून तिच्यावर कोपरं टेकून बसलेली असते, ती गोष्ट आमच्या लाल विटांच्या चाळींतून शेवटच्या घरापर्यंत पोचवली: नवरा धडधाकट असताना जी अंगठी काढून ठेवते, तिच्या मनात काय असणार ते ओळखा.

रिशेक खाणीच्या धुळीनं छाती भरून गेला. तो गेल्यानंतर कधीतरी त्रूदा कातडीच्या डॉक्टरांकडे गेली. त्यांनी तिच्या पाठीवर चौकोनी पट्ट्या चिकटवल्या. दोन दिवसांनी काढल्या तेव्हा एक चौकोन धिरड्यासारखा फुगला होता. निकेल. त्या पांढऱ्या धातूत निकेल भरभरून होतं. हे कळलं त्या दिवशी ती माझ्या खोलीत येऊन बसली आणि पहिल्यांदाच काही गायली नाही. "मला कळलं गं," एवढंच म्हणाली, "पण आता सांगू कुणाला?"

मग एवाल्ड आला. आला तो ओठातून.

एवाल्ड दातांचा कारागीर. डॉक्टर माप घेतात, हा कवळ्या आणि दातांवरच्या टोप्या बनवतो. पासष्टीचा, उंच, सदा ओशाळलेला, बोटं मात्र देखणी. त्यानं बनवलेला दातांचा पूल त्रूदाच्या तोंडात बसवला आणि दुसऱ्या दिवशी तिचा वरचा ओठ पावासारखा सुजला. मिश्रधातूत काय काय आहे ते विचारायचं एवाल्ड विसरला होता. दवाखान्यातून कळताच तो पिओनी फुलांचा एवढा मोठा गुच्छ घेऊन तिच्या दारात उभा राहिला. त्रूदानं दार उघडलं, त्यानं तो ओठ पाहिला आणि त्याच्या डोळ्यांत टचकन पाणी आलं. "मला आत्तापर्यंत कुणी रडून दाखवलं नव्हतं," ती मला नंतर म्हणाली. "रिशेक रुसायचा. हा रडला. मी म्हटलं, ये बाबा आत, सूप घे."

त्यानं तिचे दात चिनीमातीचे करून दिले. मग म्हणाला, तुला सोसेल असा धातू जगात असेलच ना? तेव्हा त्रूदानं त्याला प्रयोगशाळेत आणून सूक्ष्मदर्शकातून झिरकोनियमची काच दाखवली. निकेलचा कण नसलेली, अंगावर हाडांच्या पेशी वाढवलेली. पेशी कशा पसरल्या होत्या सांगू? लग्नघरात दमलेल्या मावश्या सोफ्यावर पाय पसरून बसतात तशा. एवाल्ड कितीतरी वेळ डोळा लावून वाकलेला होता. वर झाला तेव्हा त्याच्या भुवईवर गोल वळ उठला होता आणि तो म्हणाला, "त्रूदा, धातू तू दे, अंगठी मी करतो." आणि गुडघ्यावर बसला. बसला तो बसलाच. गुडघा अडकला. त्रूदानं एका काखेत हात घातला, मी दुसऱ्या, आणि आम्ही त्याला उचलत असतानाच ती म्हणाली, "हो, हो, करते लग्न, पण आधी उभा तर राहा!"

त्या दिवसापासून त्रूदाला पंख फुटले. साठीची बाई जिन्यावरून दोन-दोन पायऱ्या गाळून उतरायची. एकच ध्यास: अंगठी. सोन्याचं नाव काढलं की ती अंग चोरायची, बहिणीची सोन्याची घालून बघितली तेव्हा तिच्यातल्या भेसळीनंही बोट उतलं होतं. "मला रविवारची अंगठी नको," ती म्हणायची. "मला सोमवारची हवी. भांडी घासताना घालायची, झोपताना घालायची. क्लेमेंतीना आजीच्या खिडकीखालून रोज हात हलवत जायचं आहे मला."

तिनं अंगठीचा साचा तयार करवून घेतला. झिरकोनियम वाया जायला नको म्हणून आधी साचा नीट भरतो का ते बघायला त्यात मॅग्नेशियमची काच ओतली, आणि मग खरी. दोन्ही अंगठ्या छान उतरल्या, आरशासारख्या चकचकीत, आणि दोन्हींना ओतकामात येते तशी एकेक शेपटी. आता मॅग्नेशियमची काच नाजूक, दमट हवेत काळवंडते. म्हणून ती गेली जाड काचेच्या झाकणाच्या बरणीत, पांढऱ्याशुभ्र कापसावर. झिरकोनियमच्या काचेला काही म्हणता काही होत नाही. म्हणून ती राहिली टेबलावरच्या बशीत, पेपर क्लिपा, खोडरबर आणि अर्ध्या बिस्किटाच्या संगतीत. ज्याला कशानं काही होत नाही त्याची कुणी वास्तपुस्त घेत नाही, हे मी घरातही पाहिलं आहे.

एवाल्ड अंगठी न्यायला आला. आणि आमच्याकडे कडक रिवाज: अंगठी नवऱ्याच्या हातात गेली की चर्चपर्यंत नवरीनं ती बघायची नाही. प्रयोगशाळेत विज्ञान, पण त्रूदाच्या डोक्यात क्लेमेंतीना आजी खिडकी उघडून बसलेली. एकदा नवरा गमावलेली बाई, तिला अपशकुन नको होता. तेव्हा तिनं भिंतीकडे तोंड केलं, डोळे गच्च मिटले आणि म्हणाली, "टेबलावर आहे, घे!"

मी शेजारच्या खोलीत बुडबुड्यांपाशी होते. आत एवाल्ड टेबलासमोर उभा. एकीकडे काचेची बरणी, आत कापसावर झळकणारी अंगठी. दुसरीकडे बशीत क्लिपा आणि बिस्किट. प्रेमात पडलेला माणूस बशीत कशाला बघेल? त्यानं बरणी उघडली, अंगठी रुमालात घेतली आणि तरंगतच निघून गेला. त्या एका खोलीत एका नजरेत फरक ओळखणारी एकच बाई होती, आणि ती भिंतीला नाक लावून उभी होती. तिथून ती थेट लग्नाच्या रजेवर गेली, कारण शेजाऱ्यांना वाटायचे केक भाजायचे होते.

लग्न शनिवारी. शुक्रवारी संध्याकाळी चाळीच्या अंगणात पोल्टर. आमच्याकडे लग्नाच्या आदल्या दिवशी नवरीच्या दारात काचसामान फोडतात, आणि नवरा-नवरीनं हसत हसत ते झाडायचं. जितका चुरा, तितकं सुख. संध्याकाळ झाली तरी जूनचं लख्ख ऊन होतं. लोक येत होते, धडाधड ताटं, बरण्या, बाटल्या आपटत होते. कुणीतरी अख्खं बेसिन आणलं होतं. एवाल्ड आणि त्रूदा झाडू घेऊन घामाघूम, आणि क्लेमेंतीना आजी खिडकीत, उशीवर, पंच म्हणून.

"जोरात आपटा रे! बारीक व्हायला हवं! माझ्या बहिणीच्या पोल्टरला एक फुलदाणी फुटली नाही. अख्खी राहिली. वर्षभरात नवरा जर्मनीला पळाला."

"फुलदाणी घेऊन?" मी विचारलं.

"तू गप्प बस गं, गंजवाली!"

तेवढ्यात एवाल्डला आठवण झाली. त्यानं खिशातून बोटाच्या पेराएवढा चकचकीत तुकडा काढला. अंगठीची कापलेली शेपटी. "ही पण काचच ना?" तो लाजत म्हणाला. "आपटू?"

आमच्या प्रयोगशाळेचं टोळकं खिदळायला लागलं. झिरकोनियमची काच दगडावर टाकली की फुटत नाही, उसळते, आणि उसळतच राहते. "आपटू नको," मी ओरडले, "कुणाच्या तरी ग्लासात जाऊन पडेल!"

"फुटणार नाही?" आजीचा चेहरा पडला. "मग नको रे बाबा. अपशकुन नको."

"आपट, एवाल्ड!" त्रूदा झाडू कमरेला लावून उभी राहिली. शकुनाला भिणारी ती, पण तिच्या धातूची गोष्ट निघाली की तिच्या अंगात यायचं. "बघू दे आजीला. माझी काच फुटत नसते. मेल्या निकेलला जे जमलं नाही ते ही करून दाखवणार!"

एवाल्डनं हात उंचावला आणि तुकडा फरशीवर आपटला.

टिचकन आवाज झाला आणि खडीसाखर फुटावी तसा त्याचा भुगा झाला.

अंगणात एकच जल्लोष! टोप्या उडाल्या, अकॉर्डियन वाजायला लागलं, आजीनं छातीवर क्रूस काढून आनंदानं उशी बडवली. "फुटली! धातूचीसुद्धा फुटली! आता यांना मरण नाही!" एवाल्डला लोकांनी खांद्यावर घेतलं. त्या सगळ्या गोंधळात दोघीच जणी जिथल्या तिथे उभ्या होत्या. त्रूदानं झाडू सोडला, खाली वाकून एक कण उचलला आणि तळहातावर झेलला. कोंड्यासारखा हलका.

"गाबी," ती हसरा चेहरा तसाच ठेवून दातांमधून म्हणाली, "त्यानं पाहुणी नेली गं."

"अंगठी कुठे आहे?"

"त्याच्या कोटात. कोट माझ्या स्वयंपाकघरात. मला बघता येणार नाही. तू जा."

मी गेले. कोटाच्या खिशातली डबी उघडली, अंगठी हातात घेतली. वजनच सगळं सांगत होतं. पण मी गंजाच्या खात्यातली, बुडबुडे दिसल्याशिवाय माझा विश्वास बसत नाही. टेबलावर काकड्यांची मोठी बरणी उघडी होती, शेपू-लसूण घालून मिठाच्या पाण्यात आंबवलेल्या. मी अंगठी त्यात सोडली. सोड्याची बाटली उघडल्यासारखा फेस वर आला.

"गाबी, बाहेर काकड्या संप—" एवाल्ड रिकामी बशी घेऊन दारात उभा होता. त्यानं बरणीकडे पाहिलं. "ती माझी अंगठी आहे?"

"हो."

"काकड्यांत?"

"हो."

"उकळते आहे?"

"उकळत नाही. विरघळते आहे."

"अगं मग काढ तिला!" आणि आम्ही दोघांनीही एकदमच बरणीत हात घातले. दोन हात एका बरणीत मावत नाहीत. शेपूच्या काड्या, लसूण, काकड्या चहूकडे उडाल्या. अंगठी सापडली तेव्हा ती राखाडी झाली होती आणि एका बाजूला बारीक बारीक खळगे पडले होते. मी ती नळाखाली धुतली, पुसली आणि त्याला सगळं सांगितलं. बरणी, बशी, बिस्किट, सगळं. तो स्टुलावर मटकन बसला.

"मला वाटलं, हलकी आहे म्हणजे उंची आहे," तो म्हणाला. "पंधरा दिवस घासतोय मी तिला. आधी तिचा ओठ सुजवला. आता हे. एक गोष्ट धड करता येत नाही मला तिच्यासाठी."

दारात त्रूदा आली. डोक्यावरून एप्रन ओढून घेतलेला, दोन्ही हात पुढे करून चाचपडत. "मी बघत नाहीये! कुणीतरी सांगा. बुडबुडे आले?"

"आले," मी म्हणाले.

"खूप?"

"बिअरसारखे."

 मला वाटलं, ही आता रडणार. उद्या दुपारी लग्न, बशीतली खरी अंगठी कच्ची, शेपटीसकट, प्रयोगशाळेत कुलपाआड, आणि तिची साफसफाई तरी एका रात्रीत होणारी नव्हती. अंगठीशिवाय उभी राहिली असती तर आजीनं गल्लीला काय सांगितलं असतं ते मला तोंडपाठ होतं: बघा, हिला दुसऱ्याचीही नको.  पण एप्रन हलायला लागला. आधी थोडा, मग गदागदा. त्रूदा हसत होती. हसता हसता तिनं दाराची चौकट धरली.

"अरे एवाल्ड, त्या अंगठीत आहे काय? मॅग्नेशियम, जस्त, कॅल्शियम! लहान पोरांना पाजतात ते! जगातला एकमेव धातू असेल जो मला नक्की खाजवणार नाही, आणि तोच बरोबर तू उचललास!"

"पण ती विरघळते आहे, त्रूदा."

"काकडीच्या पाण्यात विरघळते. मी काय काकडी आहे? गाबी, हातावर किती टिकेल?"

हा माझा प्रांत. मी म्हणाले, "किती घाम येतो त्यावर आहे. नाचू नकोस."

"स्वतःच्या लग्नात नाचू नको?"

"मग बाहेरून मेणाचा थर देऊ."

"दातांचं मेण आहे माझ्याकडे," एवाल्ड उठून उभा राहिला. रंग परत आला त्याच्या तोंडावर. "पातळ लावतो. आतून-बाहेरून."

"आतून नाही," एप्रन म्हणाला. "आतून धातूच लागू दे मला."

त्या रात्री अंगठी भाजलेल्या तांदळांच्या डबीत झोपली, ओल धरू नये म्हणून.

चर्चमध्ये एवाल्डनं ती तिच्या उजव्या हाताच्या बोटात घातली. फादर ब्रोझेकनी त्याचं मनगट धरून मदत केली. त्रूदानं एकदा अंगठीकडे पाहिलं, खळगे पाहिले, आणि मग उरलेली सगळी प्रार्थना ती देवाकडे नाही, बोटाकडे बघत होती. तासाभरात चट्टा उठणारी बाई ती. आम्ही हॉलवर गेलो. सूप आलं, मांसाच्या गुंडाळ्या, म्हणजे रोलाडा आल्या, लाल कोबी आला. ती एका हातानं जेवत होती, दुसरा हात टेबलावर पालथा ठेवून, परीक्षेच्या निकालाची वाट बघावी तशी. अधूनमधून अंगठी जरा सरकवायची, खाली डोकवायची. मी समोर बसून तिच्याबरोबर डोकावत होते.

नाच सुरू झाले. नाचू नकोस म्हटलेली बाई सगळ्यांच्या आधी उठली. पोल्का झाला, वॉल्ट्झ झाला, पुन्हा पोल्का. मेण केव्हाच गळून गेलं. घामानं अंगठी काळीराखाडी झाली. आणि मग वाजंत्री गाणं बदलायला क्षणभर थांबले तेव्हा त्या शांततेत त्रूदा खुर्चीवर चढली, हात उंच धरला, अंगठी पेरावर ओढून बोट सगळ्या हॉलला दाखवलं आणि तिच्या त्या नळ्या किणकिणवणाऱ्या आवाजात ओरडली,

"खाजत नाही!"

कुणाला काही कळलं नाही. फादरनी चमचा खाली ठेवला.

"अहो, खाजत नाही मला! बघा! काही उठलं नाही! कातडी आहे तशी आहे!" गाजरी केस विस्कटलेले, डोळ्यांतून पाणी, तोंडभर हसू. "आजी, ये, हात लावून बघ!"

आणि क्लेमेंतीना आजी खरंच उठली. चष्मा लावला, बोट हातात घेतलं, उलटसुलट करून पाहिलं.  "स्वच्छ आहे," ती म्हणाली. मग जरा घसा खाकरून, "म्हणजे तेव्हाही...?"

"तेव्हाही, आजी. कातडीच होती. मन नव्हतं."

 आजीनं त्या बोटाचा मुका घेतला आणि जागेवर जाऊन बसली. आमच्याकडे नवरा-बायकोनं मुका घ्यावा म्हणून लग्नात पाहुणे "कडू! कडू!" असं ओरडतात. त्या दिवशी कुणीतरी "खाजत नाही!" असं ओरडलं, आणि मग समारंभ संपेपर्यंत तेच चाललं. दोनशे माणसं ग्लास आपटत ओरडताहेत खाजत नाही, खाजत नाही, आणि एवाल्ड लालबुंद होऊन पुन्हा पुन्हा मुका घेतो आहे.

सोमवारी त्रूदानं बशीतली अंगठी क्लिपांमधून उचलली. एवाल्डनं ती घासून दिली, फादरनी कुरकुरत दुसऱ्यांदा आशीर्वाद दिला. "एकाच जोडप्याला आठवड्यात दोनदा," ते म्हणाले, "देवाला वाटेल माझी आठवण गेली." पण पहिली अंगठीही तिनं काढली नाही. दोन्ही घालायची. पाहुणी भांड्यांच्या पाण्यात, कपड्यांच्या पाण्यात, तिच्या घामात रोज बारीक होत गेली. सप्टेंबरमधल्या एका रविवारी तिनं बटाट्याच्या पिठाचे खळगीवाले गोळे केले, आम्हाला जेवायला बोलावलं, आणि आमची पानं पुसून झाल्यावर तिच्या लक्षात आलं की बोटात एकच अंगठी उरली आहे. तार झाली होती ती, पिठात मोडून गेली असणार. सगळे एकमेकांच्या तोंडाकडे बघत राहिले. एवाल्डनं फक्त एवढंच विचारलं, "कुणाचा दात दुखतोय का?" कुणाचाच दुखत नव्हता. माझा नवरा म्हणाला, गोळे उत्तम झाले होते.

नोव्हेंबरच्या पहिल्या तारखेला आम्ही सगळे कबरस्तानात जातो. त्रूदानं रिशेकसाठी पिवळी शेवंती घेतली होती. एवाल्डनं कबरीचा दगड ब्रशनं घासला, पानं काढली, मेणदिवे लावले, आणि मग वात नीट करायच्या निमित्तानं आमच्याकडे पाठ करून उकिडवा बसला. कडाक्याची थंडी होती. त्रूदानं उजव्या हाताचा मोजा काढला. अंगठी जशी बशीत होती तशीच झळकत होती, आणि तिच्याखालची कातडी गुलाबी, गुळगुळीत.

तिनं दगडावर अंगठीनं टकटक केलं, दार वाजवतात तसं.

"रिशेक," ती म्हणाली, "बघ रे. मला सोसत नव्हतं ते तू नव्हतास. निकेल होतं."